जाळीतले किडे

आई : ...आणि एकही शिल्लक ठेवला नाही. पानं उलटून बघ हवं तर.

मुलगी : कसले किडे, आई?

आई : गच्चीवरच्या तुझ्या जांभळ्या फुलांवरचे. वरून जाळी बांधलीस आणि कीड आतच! पानांची नुसती चाळण. तू प्रशिक्षणाला गेलीस ना, त्याच दिवशी बसून एकेक वेचला.

मुलगी : ते मी पाळले होते. बाहेर जाऊ नयेत म्हणून तर जाळी होती.

आई : कुत्रं पाळतात, मांजर पाळतात. किडे कोण पाळतं?

मुलगी : मी पाळते. पगार मिळतो मला त्याचा.

आई : मला काय माहीत बाई. इथं राहायला आल्यापासून तेवढं एकच काम हाताला लागलं होतं.

मुलगी : तुझी चूक नाही. मीच सांगायला हवं होतं. ते झाड म्हणजे लिथ्रम. मेंदी-डाळिंबाच्या कुळातलं. त्याच्या बऱ्याच जाती आहेत. ही उंच जात बाहेरून आली आणि तळ्याकाठी माजली. आपली इथली बुटकी जात तिच्याखाली गुदमरतेय.

आई : म्हणजे थोरल्या जावेनं घर बळकावलं.

मुलगी : तसंच. आता सोमवारी तिथं तणनाशक मारणार आहेत. विषाला थोरली-धाकटी कळत नाही, दोघी मरतील. हे किडे फक्त थोरलीला खातात. ते तळ्यावर तग धरतात एवढं दाखवलं असतं, तर फवारणी थांबली असती. आता काय दाखवू? मारलेस ना सगळे?

आई : खरं सांगू? मारायला हात धजला नाही. जन्मभर कीड चिरडली, पण हे तळहातावर गप्प बसून राहिले. डब्यात भरले आणि फिरायला गेले तेव्हा सोडून दिले.

मुलगी : कुठे?

आई : तळ्याच्या कडेला. तिथं हीच फुलं रानासारखी वाढलीत. म्हटलं, ही फुकटची खा, माझ्या लेकीच्या कुंड्या सोडा.

मुलगी : आई, चपला घाल.

(तळ्याची कड. दोघी वाकून पानं बघताहेत.)

आई : इथंच, या बाकामागे.

मुलगी : भोकं आहेत. या पानालाही. आणि देठाजवळ बघ, पांढरट ठिपके.

आई : बुरशी दिसतेय.

मुलगी : अंडी आहेत. अंडी घातलीत त्यांनी, आई.

आई : रडतेस कशाला मग? नाक पूस. आणि ही खालची बुटकी कोण? हिला तर कुणी तोंडच लावलेलं नाही.

मुलगी : तीच ती धाकटी. सरक जरा, फोटो काढून साहेबांना पाठवते.

आई : ऐकतील?

मुलगी : निदान या काठाला तरी हात लावणार नाहीत. बाकीच्यासाठी भांडेन. पण किडे पुष्कळ लागतील. गच्चीवर पुन्हा जाळी बांधावी लागेल आणि कुंड्यांकडे रोज कुणीतरी बघायला हवं.

आई : मी? उभा जन्म बाग केली, आता म्हातारपणी कीड वाढवू?

मुलगी : तुझ्याइतकी ती कुणाला कळते?

आई : बरं. माझ्या भिशीतल्या बायकांना मात्र सांगू नकोस.

मुलगी : नाही सांगत. चल, ऊन वाढलं.

आई : तू हो पुढे. ...खा रे बाबांनो. सावकाश खा.