बेडकांची उंच पेटी

—नाही नाही, आडवी नका धरू ओगाता-सान, उभीच धरा. झाडावर राहणारे बेडूक ते, त्यांना पसरायला जागा नको, चढायला हवी—म्हणून तर एवढी उंच पेटी. झाकणाला जाळी आहे ती कधी झाकायची नाही, कोंदट झालं की बुरशी धरते. मनीप्लांट खरा आहे, फांदी घट्ट बांधलीय. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. नळाचं पाणी? थेट नाही हो! एक दिवस उघडं ठेवायचं, मग. आणि साबणाचा हात तर मुळीच लावायचा नाही. त्यांची कातडीच पाणी पिते, जे लावाल ते पोटात गेलं समजा.

मला कसं माहीत? मीच मारला ना एक. तीन होते. वर्षअखेरीची साफसफाई चालली होती—आपल्याकडे काय, नव्या वर्षाला घरात धुळीचा कण दिसता कामा नये—ओटा घासला, सरकत्या दारांचे कागद बदलले, मग म्हटलं ही तरी का राहावी, म्हणून पेटीही घासली, चांगल्या वासाच्या साबणानं. लखलखत होती अगदी! एक तारखेला सकाळी तो तळाशी पडलेला. हे काही बोलले नाहीत. शिवी तरी द्यावी की नाही माणसानं? नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलणंच बंद. तीन वर्षं झाली. भात पुढे ठेवला की खातात, काही हवं असलं की बोट दाखवतात. बहीण बेप्पूला बोलावतेय, चार दिवस गरम झऱ्यांत डुंबू म्हणते—कशी जाऊ? त्यांच्या खाण्याला रातकिडे आणा, किड्यांना कॅल्शियमची पूड लावा, सगळं माझ्याच गळ्यात. शिक्षाच ती, तोंडानं न सांगता दिलेली. आणि पंधरा-वीस वर्षं जगतात हो मेले! मी पंच्याऐंशीची होईन तोवर. म्हणून म्हटलं, हे न्हाव्याकडे गेलेत तेवढ्यात पेटी तुमच्या हवाली करून टाकू. ओरडतील? ओरडू देत की. तेवढाच आवाज कानावर पडेल—

मुके झालेत? तसं नाही, आवाज आहे त्यांना. रोज सकाळी पेटीसमोर बसतात. "उठलात का?" विचारतात. "झोप लागली का? थंडी नाही ना वाजली?" मी दाराआड असते, हातात फडकं घेऊन. "लागली," म्हणते. "जरा गुडघा दुखत होता," म्हणते. हळूच, त्यांना ऐकू जाणार नाही इतपत. परवा तर म्हणाले, "गुडघ्याला शेक द्यावा." बेडकांना सांगत होते! आता बेडकांना कसला आलाय गुडघ्याचा—

थांबा.

नाही, ठेवा ती पेटी. खाली ठेवा म्हटलं ना! हो, कळतंय, दोन गाड्या बदलून आलात, माफ करा मला, वाटेल ते म्हणा. बहिणीला काय सांगायचं ते मी बघीन. तुम्ही निघा. दार मी लावते.