बॅरनच्या दारातून

(किल्ल्याचा बंद दरवाजा. कुलपापाशी राखणदार तुल्लियो. समोर चौघांच्या खांद्यावर शवपेटी.)

तुल्लियो : ...आणि आज नेमकं आत लग्न आहे, ओर्सोलिनामावशी. अंगणात मेजं मांडलीत, मिलानहून पाहुणे यायचेत. नाझ्झारेनोकाकांना खालच्या रस्त्यानं न्या ना. दफनभूमी तिकडूनही येतेच.

ओर्सोलिना : त्या रस्त्यानं कचऱ्याची गाडी जाते. माझा नवरा जाणार नाही.

दोनातो : वहिनी, लवकर काय ते ठरवा. दादानं जन्मभर मक्याचा पोलेंता चापला, त्याचं वजन आता आमच्या खांद्यावर.

ओर्सोलिना : खांदा बदला. पेटी टेकवायची ती आत, बुरुजाखालीच.

तुल्लियो : तेच तर! तिथं पेटी टेकवून तुम्ही त्या कधीच्या मेलेल्या बॅरनला शिव्या घालणार. नवरी काय म्हणेल?

ओर्सोलिना : तुझ्या आईची पेटी टेकवली तेव्हा तूच नाही का घातल्यास? पाद्रीबाबा कानांवर हात ठेवून इथं बाहेर उभे होते.

तुल्लियो : तेव्हा किल्ला ओस होता. आता मालक आहे, आणि मी त्याचा पगार खातो.

ओर्सोलिना : मालक बॅरनही होता. प्लेगच्या साली त्यानं हेच दार लावून घेतलं. दफनभूमी पलीकडे, प्रेतं अलीकडे. बायकांनी द्राक्षाच्या घाण्याची जाडजूड तुळई आणून दार फोडलं. तेव्हापासून गावातलं प्रत्येक माणूस शेवटी इथूनच गेलंय.

तुल्लियो : बरं, ऐका. मालकांशी बोललोय मी. भला माणूस आहे. आजच्यापुरती परवानगी देतो म्हणाले. फक्त शिव्या हळू आवाजात.

ओर्सोलिना : हळू आवाजात? मग ती प्रार्थना झाली.

दोनातो : असू दे वहिनी, परवानगी मिळाली ना! चला रे.

ओर्सोलिना : पाऊल टाकू नकोस, दोनातो. परवानगी नको.

तुल्लियो : अहो, ते देतायत!

ओर्सोलिना : म्हणूनच नको. आज घेतली की उद्या मागावी लागेल, आणि परवा तो नाही म्हणेल. आम्ही कधी कोणाला विचारलं नाही, म्हणून ही वाट आमची आहे. फोन लाव. सांग, परवानगी परत केली.

तुल्लियो : मग मला दार उघडता यायचं नाही.

ओर्सोलिना : नको उघडूस. उभे राहू. पाहुण्यांच्या गाड्याही इथूनच येणार ना? येऊ देत.

दोनातो : एक गाडी आलीसुद्धा. भोंगा वाजवतोय. पण मागे सगळं गाव उभं आहे, त्याला वळायलाही जागा नाही. वहिनी, बेकरीवाली दुकान बंद करून आली!

ओर्सोलिना : तिचा बाप इथूनच गेला. तुल्लियो, तुला कुठून न्यायचं रे? कचऱ्याच्या गाडीमागून?

तुल्लियो : ...लावला फोन. केली परत. ओरडतायत ते.

ओर्सोलिना : ओरडू देत. आता कुलूप काढ.

तुल्लियो : काढतो. पण उद्या त्यांनी जाब विचारला, तर सांगू काय?

ओर्सोलिना : सांग, नाझ्झारेनो आला. मी बाजूला झालो.