पोरीची फारकती

— नाही हो भाऊ, सांगितलं ना, धर्मेंद्र सुरतेले गेला. महिना झाला. त्याची कोर्टाची नोटीस मी कशाले घेऊ? मी सोजरबाई, त्याची माय, मले तर वाचताही येत नाही. उन्हाचे आले, बसा ओट्यावर, पाणी घ्या. बुऱ्हाणपूरहून दापोऱ्यापर्यंत फटफटीवर आले? आईगं! अन् माणूस घरी नाही. कधी येईल? त्याचं काही खरं नाही भाऊ, भाकर खाल्ली की चालला गच्चीवर झोपायले — म्हणजे घरी असतो तेव्हा म्हणते मी. तिकडे काय पाहता? तो बूट? तो त्याच्या बापाचा. बाप बागेत गेला केळी पाहायले. हाव, अनवाणीच गेला. जातो तो अनवाणी.

अन् त्या चारुलताले आता काय पाहिजे? सून होती माझी, पण फारकती झाली ना! पाच वर्षं झाली. याच ओट्यावर दोन्हीकडचे पंच बसले, स्टॅम्पपेपर आणला, चहा झाला. लिहिलं की नवरा-बायकोचा संबंध संपला, आता देणं नाही घेणं नाही, अन् पोरीचाही बापाशी काही संबंध नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. मी अंगठा लावला. मंग आता पोटगीचा खर्चा कशाचा? पोरीचा? अहो, पोरीचीही फारकती झाली ना तेव्हाच! — हसता काहून? होत नाही? बायकोची होते अन् पोरीची होत नाही? मंग पंच काय येडे होते? वकिलाच्या मुन्शीनं लिहिलं होतं हो, पक्कं लिहिलं होतं... खरंच होत नाही?

वाचा बरं, काय लिहिलं त्याच्यात. सगळं नका वाचू, नाव वाचा. — काय? पुन्हा वाचा. 'कुमारी भूमिका पिता धर्मेंद्र, उम्र नौ वर्ष.' अन् चारुलता? तर्फे माता, म्हणजे पोरीच्या वतीनं. बस, एवढंच? स्वतःसाठी काहीच नाही मागितलं तिनं? मी तर मघापासून मनात तिलेच शिव्या देऊन राहिली... म्हणजे पोरगीच आली कोर्टात. बापावर. नऊ वर्षांची पोरगी. अन् अजून 'पिता धर्मेंद्र'च लावते? शाळेतही तेच? आम्ही तर कागदावरून खोडून टाकलं होतं तिले.

एक गोष्ट सांगू भाऊ? नाही, जाऊ द्या. ... सांगते. त्या दिवशी ती इथेच खेळत होती, त्या पायरीवर. चार वर्षांची. पंच अंगठे लावत होते तर आली दुडूदुडू, म्हणे मले पण, मले पण. शाईचा डबा उघडाच होता. मीच उचलून घेतलं तिले, मीच तिचा अंगठा धरला अन् त्या कागदावर टेकवला. माझ्या अंगठ्याच्या बाजूले. केवढी खूश झाली! निळा अंगठा बापाले दाखवायले पळाली, म्हणे पप्पा, पाहा, मी पण केली सही. अन् आम्ही सगळे हसलो हो. पंच हसले, मी हसली, धर्मेंद्रही हसला. एक चारुलता नाही हसली. तिनं पदरानं पोरीचा अंगठा पुसला, पुसतच राहिली, अन् मी म्हटलं, आता काहून रडते, तूच तर मागितली फारकती. असं म्हटलं मी. या तोंडानं. पाच वर्षांत कोणाले नाही सांगितलं हे. आखाजीच्या सणाले गावभर लेकीबाळी माहेरी येतात, अन् शेजारीण विचारते नात आली का, तर मी म्हणते, तिची माय धाडत नाही. खोटं आहे ते. कोणी आणायलेच नाही गेलं तिले. एकदाही नाही. लाज वाटते भाऊ, तुमच्यासमोर बसायची लाज वाटते मले.

नाही, उठू नका. दारावर चिकटवू नका तो कागद. थांबा.

धर्मेंद्र! ए धर्मेंद्र! उतर खाली! — चूप काहून बसू? नाही बसत! तुझी पोरगी बोलावते तुले, कोर्टात, नाव घेऊन. ये, घे हा कागद तुझ्या हातानं.

येईल. जिना उतरतो आहे. तुम्ही जरा तिकडे तोंड करा हो भाऊ... माझ्याकडे नका पाहू.