शाब्बास, बाबा

(वॉर्डातली कोपऱ्यातली खाट. बाबा तापाने ग्लानीत. मुलीचा फोन स्पीकरवर.)

मुलगी : ...मग आठ महिने हे साखर मोजायचं मशीन मला खोटं का सांगत होतं? रोज सकाळी माझ्या फोनवर बाबांचा आकडा यायचा. एकशे आठ, एकशे चौदा. आणि आज डॉक्टर म्हणतात, साखरेने पाय सडलाय, गुडघ्याखालून काढावा लागेल!

हेल्पलाइन : मॅडम, झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार...

आई : अगं, ठेव तो फोन. नर्स सहीचा कागद देऊन गेलीय.

मुलगी : तू कर सही. या कंपनीला मी सोडणार नाही.

आई : त्या बापड्याचा काय दोष? तो नुसता फोन उचलतो.

हेल्पलाइन : मॅडम, आधी मशीन तपासावं लागेल. वॉर्डात आत्ता साखर किती आली?

मुलगी : चारशे दोन. पाच मिनिटं झाली.

हेल्पलाइन : मग लगेच आपल्या मशीनवर घ्या. बोट पुसून कोरडं करा. स्ट्रिप लावा, थेंबाचं चित्र आलं की टोचा.

आई : कशाला त्यांना छळतेस? आत्ता कुठे डोळा लागलाय.

मुलगी : बाबा, हात द्या. किती जाड कातडी ही! आणि नखात अजून रंग. कामावर कधीपर्यंत जात होते?

आई : परवापर्यंत. शिडीवर उभे दिवसभर. महिन्यापूर्वी पायात खिळा घुसला, तो कळलाच नाही त्यांना. वरून मोजे चढवून जायचे.

हेल्पलाइन : आकडा आला का, मॅडम?

मुलगी : तीनशे एक्क्याण्णव.

हेल्पलाइन : एवढा फरक चालतो. मशीन बरोबर आहे आपलं.

मुलगी : म्हणजे आठ महिने बिघडलेलं होतं आणि आजच शहाणं झालं?

हेल्पलाइन : तसं सहसा होत नाही. घरात आणखी कोणी वापरतं का हे?

मुलगी : छे. आईला कुठे साखर आहे? तिची तर नेहमी एकशे दहाच्या... आई, बाबांच्या बोटांवर एकही खूण नाही. रोज टोचलेली बोटं अशी असतात?

आई : मला काय माहीत.

मुलगी : मुठी कशाला आवळतेस? दाखव हात.

आई : नको गं.

मुलगी : दाखव म्हणते ना! ...आई गं. चाळण झालीय बोटांची.

आई : मशीन आणलंस त्याच आठवड्यात तीनशे वीस आला. तू परीक्षा अर्धी टाकून धावत आलीस. वर्ष गेलं तुझं. ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. म्हणाले, तुझं बोट दे, पोरीला शिकू दे. म्हटलं, आठवडाभर देते. मग तुझी परीक्षा होईपर्यंत. मग...

मुलगी : आणि गोळ्या?

आई : आधी घ्यायचे. नंतर म्हणायला लागले, आकडा चांगला येतोय की. सकाळी मी टोचून घेतलं की विचारायचे, ‘आज आपला किती आला?’ तुझं ‘शाब्बास, बाबा’ आलं की दिवसभर खुशीत. वेडेपणा म्हण, पण मलाही वाटायला लागलं होतं, की ते बरे होताहेत.

मुलगी : मी रोज शाब्बास म्हणत होते गं. रोज.

हेल्पलाइन : मॅडम, तक्रार नोंदवायची का?

मुलगी : नको.

हेल्पलाइन : बरं. ...ताई, सांभाळा.

मुलगी : आई, तो कागद घे. बाबांना ऑपरेशनला न्यायला येतील आता.

आई : तूच कर सही. मला पेन धरवत नाही.