नामदेवने मान हलवली होती

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. नामदेवच्या आई, त्याची बायको सुनंदा, बाळकुमची गावकरी मंडळी, कोलशेतच्या कंपनीतले त्याचे सोबती, आणि समोरच्या तीन रांगांत बसलेले माझे कर्णबधिर मित्र. मी शुभदा. डोंबिवलीहून आले. खुणांच्या भाषेची दुभाषी आहे.

आधी एक सांगते. मी थोडं तोंडाने बोलेन, मग थांबून तेच हातांनी सांगेन. मधे गप्प झाले तर माईक बंद पडला असं समजू नका. रडले तर पाणी घेऊन धावू नका. बोलणं जड जातंय, पण आज जे सांगायचंय ते अर्धवट सांगून चालणार नाही.

नामदेव भोईर गेला. सेहेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस, हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला गेला आणि चौथ्या दिवशी गेला. मघापासून तिघं जण म्हणाले, देवाची इच्छा. देवाला कशाला मधे आणता? देव तिथे नव्हता. मी होते.

नामदेव मला पहिल्यांदा भेटला तो विठ्ठलवाडीला, एका मोबाईलच्या दुकानात. दुकानदाराने फोन करून बोलावलं. नामदेवच्या पाकिटात कर्णबधिरांच्या संघटनेचं कार्ड होतं, त्यावर दुभाषी म्हणून माझा नंबर होता. काउंटरवरचा एक फोन गायब झालेला आणि दुकानदाराचं म्हणणं, "मॅडम, चोरी कबूल केलीय याने. मी विचारलं तू घेतलास का, तर हो म्हणाला." हो म्हणाला म्हणजे काय? मान हलवली. तासाभराने फोन सापडला, दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीत चुकून गेलेला. मी नामदेववर भडकले. अरे, मान कशाला हलवलीस? तो हातांनी म्हणाला, "तो रागावला होता. हो म्हटलं की माणसं थंड होतात."

ऐकणाऱ्या मंडळींनो, हे तुम्हाला माहीत नाही. माझ्या तीन रांगांना पाठ आहे. लहानपणी वर्गात मास्तर ओठ हलवतात. मान हलवली की मास्तर पुढच्या बाकावर जातात. नाही हलवली तर तिथेच उभे राहतात, सगळा वर्ग बघतो. मग मान हलवायची सवय लागते ती जन्माची. रेशनच्या दुकानात हलवायची, बँकेत हलवायची, सासरी हलवायची. डॉक्टरसमोर तर आधी हलवायची.

म्हणून मी कधी मान मोजत नाही. मी विचारते, मी काय सांगितलं ते तू मला परत सांग. तर्जनी हवेत गोल फिरवायची, परत. नामदेव वैतागायचा. "मास्तरीण आली," असं सगळ्यांना सांगायचा. आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवतात. माझं नाव त्यानेच ठेवलं, ती गोल फिरणारी तर्जनी. मला त्या नावाचा केवढा तोरा होता!

आता त्या सकाळचं सांगते.

रुग्णालयाचं नाव घेत नाही. पूर्वी तिथे दुभाष्याला समक्ष बोलवायचे. आता चाकांच्या स्टँडवर स्क्रीन आहे. बटण दाबलं की मी माझ्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून दिसते. आदल्या दिवशी नर्सने नामदेवला उपाशी यायला सांगितलं होतं. तोंडावर मास्क लावून. ओठही दिसले नाहीत त्याला. आई शेजारीच होत्या. त्या मला म्हणाल्या, "बाय, त्याला सगला समाजला व्हता. मान हालवत व्हता ना."

सकाळी त्याने आणि सुनंदाने समोरच्या टपरीवर वडापाव खाल्ला, चहा घेतला. मग आत गेला. स्क्रीनवर मी आले. मी विचारलं, पोट रिकामं आहे का? आणि चित्र अडकलं. नामदेवचा चेहरा तसाच थांबला, डोळे अर्धे मिटलेले. मी वाट बघितली. चित्र परत आलं तेव्हा नामदेवची मान हलत होती.

नर्स म्हणाली, "मॅडम, झालं का? नंबर लागलाय त्यांचा." माझ्या फोनवर दुसरा कॉल थांबलेला.

मी म्हटलं, "हो, झालं."

माझं बोट हललं नाही. परत सांग म्हटलं नाही. त्याने माझा प्रश्न पाहिला होता की नाही, तेही मला माहीत नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं आणि फुप्फुसांत गेलं.

सुनंदाला मी हे आज सकाळी सांगितलं. तिने मान हलवली नाही.

कुजबुज नको. अजून संपलेलं नाही.

उद्या चौकशी आहे. मला एक कागद आधीच टाइप करून पाठवलाय. रुग्णास सर्व सूचना खुणांच्या भाषेत देण्यात आल्या व त्यास त्या समजल्या. खाली माझं नाव, सहीपुरती जागा सोडलेली. स्क्रीनची सेवा बघणाऱ्या ज्या साहेबांनी पाठवला ते वाईट माणूस नाहीत. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सही केली नाहीत तर वरचे म्हणतील, ही सेवाच धोक्याची, बंद करा. कल्याण-डोंबिवलीच्या दवाखान्यांतही स्क्रीन लावायचेत. मग तुमच्या लोकांना तेवढंही नको का?"

खोटं नव्हतं ते. स्क्रीन गेला तर मी एकटी कुठे कुठे धावणार?

आणि परवा पुन्हा कॉल आला. तेच रुग्णालय, तोच स्टँड. पलंगावर एक गरोदर बाई. मी प्रश्न विचारायच्या आधीच तिची मान हलायला लागली. परत सांग म्हटलं, तर हसून पुन्हा हलवली. नर्स म्हणाली, "हो म्हणतेय ना ती? मागे लाईन आहे मॅडम." मी कॉल सोडला नाही. अर्धा तास गेला. त्या बाईला वाटत होतं, आज सोनोग्राफी आहे. तिला सिझरसाठी आणलं होतं.

आधीच्या कॉलचं काय? ज्यांना मी "झालं" म्हणून सोडलं त्यांचं काय? या तीन रांगांत कोणाकोणाच्या फायलीत "समजले" असं लिहिलंय?

मी त्या कागदावर सही करणार नाही. मी हाताने लिहून देणार आहे. चित्र अडकलं, मी खात्री केली नाही, चूक माझी. आणि कापाकापीच्या आधी माणूस समक्ष हवा. यामुळे सेवा बंद पडली, तर उद्या तुमच्यापैकी कोणाच्या तरी पलंगाशी कोणीच नसेल. तेही माझ्याच माथी येईल. मला भीती वाटते. तरी लिहिणार.

आई, मी आज तुमच्याकडे माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

आता आपण उभे राहू. तोंड मिटलं की शांतता होते, ती तुमची रीत. आमच्यात हात बोलतात, म्हणून माणूस गेला की प्रत्येकाने शेजारच्याचे हात धरायचे. हात धरले की कोणी काही बोलू शकत नाही. ऐकणाऱ्यांनीही धरा. नामदेवच्या फोटोकडे बघत राहू, आई खाली बसतील तोवर.

मी सुनंदाच्या शेजारी जाऊन उभी राहते. तिने माझे हात धरले नाहीत, तर कोणी तिला खुणावू नका.

उठा.