निळ्या झग्याची राजकन्या

गुंदच्या देवळात कौल लावायला रांग होती. माझ्यापुढं सासू-सून उभ्या होत्या.

"आत्या, एका बाहुलीसाठी देवाला कशाला तरास?"

"बाळे, साधी बाहुली न्हवं ती. पिक्चरमधल्या राजकन्या एकेक करून जमवल्यात माझ्या नातीनं, भाग्यानं. त्यातली निळ्या झग्याचीच नेमकी गेली. रातभर रडली पोर."

"दांडेलीच्या बाजारातनं दुसरी आणूया की."

"आणूया. पण आधी चोर कळूदे. शेजारची राखी तेवढी घरात येती."

"राखी न्हाई नेणार."

"तुला काय ठावं? पुजारी देवाला कळ्या लावंल, मी राखीचं नाव घेईन. उजवी पडली की व्हय. मग तिच्या आईला सगळ्यांम्होरं इचारते."

"आणि उगंच उजवी पडली तर? पोरीला जन्मभर चोर म्हणतील."

"देवाचं उगंच नसतंय. तुला का पुळका त्या राखीचा?"

"पुळका न्हाई. भाग्या साळंला गेली की त्या राजकन्या मीच पुसून ठेवते. कुठंतरी सरकली आसंल."

"सगळं घर धुंडाळलंय. चल, आपली पाळी आली."

"तुम्ही जावा. मी भायेर बसते."

"का?"

"कावळा शिवलाय."

"परवाच तर डोईवरनं न्हालीस. चल आत. देवापुढं राखीचं नाव तूच घे."

"आत्या."

"काय?"

"राखीचं नको. माझं घ्या."