सिलिंडरचा प्रॉब्लेम

आधी बाटलीतलं पाणी थरथरायला लागलं, मग स्टिअरिंग, मग मी. पवईच्या पुढे, पप्पांच्या गाडीत, आणि अकराला अंधेरीत माझा इंटरव्ह्यू! गाडी कडेला घेऊन आमच्या मुलुंडच्या मेकॅनिकला फोन लावला.

तो म्हणाला, "ताई, पेट्रोल वाचवायला ही गाडी चालता चालता दोन सिलिंडर बंद करते. ते परत नीट चालू होत नसणार. पप्पा ऑइल घरीच बदलतात ना? कुठलं टाकलंय ते विचारा. चुकीचं असेल तर गाडी हलवू नका, इंजिनची वाट लागेल."

पप्पा फोन उचलेनात. आईला मेसेज टाकला, 'सिलिंडरचा प्रॉब्लेम झालाय. पप्पांना लगेच फोन उचलायला सांग!' तिने वाचला, त्या निळ्या खुणा दिसल्या, आणि मग तीही उचलेना. नऊ वेळा लावला यार, रडायचीच बाकी होते.

दहाव्यांदा आईने उचलला, धापा टाकत. "सगळे खाली आलोय गं! रेग्युलेटर काढला, पप्पा वरच्या आजींना उचलून आणतायत. पण मला सांग, तुला तिकडे गाडीत बसून वास कसा आला?"